सामाईक जिना, स्वतंत्र दार

ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून नाना चौक ओलांडला की गावदेवी लागते. ऑगस्ट क्रांती मैदान इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि महात्मा गांधींचं मुंबईतलं मुक्कामाचं घर, मणिभवन, इथलंच. पर्यटकांच्या गाड्या थांबतात त्या या दोन ठिकाणी. मुंबईकरांच्या रोजच्या जगण्यावर मात्र याच वस्तीतल्या एका तिसऱ्या जागेचा ठसा जास्त खोल उमटला आहे. ती जागा म्हणजे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. १९१५ साली नोंदवलेली ही संस्था आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाते.

आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. चेअरमन, सेक्रेटरी, मेंटेनन्स, एनओसी हे शब्द शहरी मराठी घरात इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे एक विचार होता, याचा विसर पडतो. घर एकट्याला परवडत नसेल तर अनेकांनी मिळून जमीन घ्यावी, इमारत बांधावी, तिचा कारभार स्वतः पाहावा आणि त्यातून कुणी नफा काढू नये, असा तो विचार. तो समजून घ्यायचा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत जावं लागतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. साथीचं मूळ दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या वस्तीत आहे असं सरकारने मानलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, नवे भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. गावदेवीचा आजचा आराखडा त्याच काळात आकाराला आला. मात्र घरं जितकी पाडली गेली, तितकी उभी राहिली नाहीत. गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि भाडी चढत होती. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, वकिलांकडे काम करणाऱ्या कारकुनाला चाळीतली खोली नकोशी होती आणि बंगला आवाक्याबाहेर होता.

त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानड्यातून आलेले चित्रापूर सारस्वत हे अशा मध्यमवर्गीय नोकरदारांपैकीच. समाज लहान, शिकलेला, एकमेकांना ओळखणारा. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी या ओळखीला संस्थांचं रूप दिलं. आपल्या गुरूंच्या, शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. तिचीच पुढे बँक झाली. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन उभी राहिली. पैशाच्या प्रश्नानंतर तालमकींनी घराचा प्रश्न हाती घेतला.

त्यांना कायद्याचीही वाट पाहावी लागली. १९०४ चा सहकार कायदा फक्त कर्ज देणाऱ्या पतसंस्थांपुरता होता. इतर कामांसाठी सहकारी संस्था काढण्याची मुभा १९१२ च्या कायद्याने मिळाली. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, सहकारी घरबांधणीचा प्रसार करण्यासाठी बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन स्थापन झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी गावदेवीची सोसायटी नोंदवली गेली. म्हैसूर संस्थानाचा सहकार कायदा वेगळा होता. त्यामुळे बंगळुरात १९०९ मध्येच एक बिल्डिंग सोसायटी निघाली होती. पण एका संस्थेने इमारती बांधायच्या, त्या कायम स्वतःच्या मालकीच्या ठेवायच्या आणि सभासदांनी त्यात एकत्र राहायचं, ही पद्धत रुजली ती गावदेवीत.

या पद्धतीचं मूळ इंग्लंडात होतं. लंडनजवळ ईलिंग इथे १९०१ मध्ये बांधकाम कामगारांनी ‘ईलिंग टेनन्ट्स’ ही संस्था काढून भाडेकरूंच्या भागीदारीचा प्रयोग केला होता. त्यात राहणारा माणूस एकाच वेळी भाडेकरू आणि मालक असतो. घर संस्थेचं असतं आणि संस्था त्याची असते. तो भागभांडवल भरतो, दरमहा ठरलेली रक्कम देतो, त्या रकमेतून बांधकामाचं कर्ज फिटतं आणि इमारतीची देखभाल होते. घरमालक भाडं वाढवेल, नोटीस देईल ही भीती उरत नाही, कारण घरमालक म्हणजे आपणच सगळे मिळून.

त्या इमारतींतलं जगणंही चाळीपेक्षा वेगळं होतं. इतिहासकार निखिल राव यांनी मुंबईच्या फ्लॅटसंस्कृतीवरच्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे, की शौचालय आणि नळ घराच्या आत असणं ही विसाव्या शतकातल्या मुंबईकर मध्यमवर्गासाठी मोठी उलथापालथ होती. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना मानणाऱ्या कुटुंबांना संडास स्वयंपाकघरापासून काही पावलांवर असण्याची सवय करून घ्यावी लागली. त्या बदल्यात पहाटे सामाईक नळावर रांग लावणं संपलं. स्त्रियांना न्हाणीघराचा खाजगीपणा मिळाला. चाळीत सगळं आयुष्य गॅलरीत घडत असे, इथे ते दाराच्या आत गेलं आणि जिना, गच्ची, अंगण एवढंच सामाईक उरलं.

या चळवळीची एक बाजू आजच्या वाचकाला खटकेल आणि ती खटकायलाही हवी. सुरुवातीच्या बहुतेक सोसायट्या एकेका जातीच्या किंवा धर्माच्या होत्या. दादर-माटुंग्यातल्या पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही नावंच तसं सांगतात. अनोळखी शहरात पैसे एकत्र गुंतवायचे तर विश्वास लागतो आणि त्या काळी तो विश्वास जातीच्या वर्तुळातच सहज मिळत होता, हे त्यामागचं कारण. पण त्या वर्तुळाने आत असलेल्यांना जसा आधार दिला, तसं बाहेरच्यांना बाहेरच ठेवलं. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरतं मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. दुसरीकडे, सर्वांना खुलं सभासदत्व हे सहकाराचं पहिलं तत्त्व मानलं जातं. मुंबईत घर शोधणारं मुस्लीम कुटुंब, मांसाहारी कुटुंब, एकटी राहणारी नोकरदार तरुणी यांना दलालाच्या तोंडून ‘सोसायटी चालवून घेणार नाही’ हे वाक्य आजही ऐकावं लागतं. सहकाराच्या नावावर चालणाऱ्या इमारतीला हे शोभत नाही.

गावदेवीच्या सोसायटीत घर संस्थेचं होतं, मग आज आपण ‘ओनरशिपचा फ्लॅट’ म्हणतो तो कुठून आला? याचं उत्तर भाडे नियंत्रण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने शहरातली भाडी मोठ्या प्रमाणात १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं तोट्याचं झालं. बिल्डरांनी मग एकेक फ्लॅट विकायला सुरुवात केली. खरेदीदारांची फसवणूक वाढली, तेव्हा १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, म्हणजेच ‘मोफा’ आला. बिल्डरने खरेदीदारांची संस्था नोंदवून द्यावी आणि जमीन व इमारत तिच्या नावावर करून द्यावी, हे त्याने बंधनकारक केलं. त्याआधी १९६० मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला होताच. या दोन कायद्यांच्या जोडीतून आजची सोसायटी घडली.

अशा सोसायटीत घर घेताना कागदोपत्री नेमकं काय मिळतं, हे पुष्कळ घरमालकांना ठाऊक नसतं. आदर्श उपविधींनुसार सभासदाला प्रत्येकी ५० रुपयांचे किमान दहा भाग घ्यावे लागतात. म्हणजे कपाटात जपून ठेवलेल्या शेअर सर्टिफिकेटवरची दर्शनी रक्कम असते अवघी ५०० रुपये. बाजारात कोटीत मोजला जाणारा फ्लॅट आणि ५०० रुपयांचे भाग या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत. जमीन, पाया, बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, गच्ची हे सगळं संस्थेचं. सभासदाकडे असतो तो आतल्या जागेचा वापर, ती विकण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क आणि सर्वसाधारण सभेत एक मत. फ्लॅट एक खोलीचा असो की चार खोल्यांचा, मत एकच.

ही समानता दरमहाच्या बिलातही दिसते. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे यांचा सेवाखर्च सगळ्यांना सारखा येतो, फ्लॅटच्या आकारावर नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्चही सारखाच वाटला जातो, तळमजल्यावर राहणाऱ्यालाही. यावरून प्रत्येक इमारतीत कधी ना कधी वाद होतो. मालमत्ता कर ज्याच्या त्याच्या घरपट्टीप्रमाणे असतो आणि पाण्याचं शुल्क नळांच्या संख्येवर. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हायला हवा. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाखर्चाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. घर विकताना घेतलं जाणारं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपर्यंतच घेता येतं. ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून त्याहून अधिक मागणाऱ्या कमिटीला हा नियम दाखवता येतो.

गळती हा जुन्या इमारतींतला बारमाही विषय. त्यातही नियम साधा आहे. वरच्या घरातल्या मोरीतून, संडासातून किंवा बेसिनमधून खाली पाणी झिरपत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा, आणि पावसाळ्यात गच्चीतून सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी उतरत असेल तर संस्थेचा. हे लिहिलेलं असूनही वर्षानुवर्षं भांडणं चालतात, कारण पाणी नेमकं कुठून येतं हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही आणि भिंत फोडू द्यायला कुणी तयार नसतं.

गाडी ठेवायच्या जागेवरून होणारे वाद तर थेट दिल्लीपर्यंत गेले. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं, की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची किंवा मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे आणि तिचं वाटप संस्थेने करायचं असतं.

हा सगळा कारभार पाहते व्यवस्थापक समिती. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि महिलांसाठी त्यात राखीव जागा असतात. सेक्रेटरीला पगार नसतो. पंप जळला, टँकर मागवायचा आहे, वॉचमन आला नाही, महापालिकेची नोटीस आली, लेखापरीक्षकाला कागद हवे आहेत, अशा प्रत्येक वेळी लोक त्याच्याच दाराची बेल वाजवतात. तरीही वार्षिक सभेत पहिला प्रश्न त्याच्याच प्रामाणिकपणाबद्दल विचारला जातो. त्यामुळे अनेक इमारतींत निवृत्त झालेली दोन-तीन माणसंच वर्षानुवर्षं कमिटीवर दिसतात. पुढे कुणी यायला तयार नसतं. मग एकतर कारभार काही मोजक्या हातांत अडकतो किंवा समितीच पूर्ण होत नाही आणि निबंधक कार्यालयाकडून प्रशासक येतो. २०१९ मध्ये राज्याने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यामुळे साखर कारखाना आणि बारा बिऱ्हाडांची इमारत यांना एकाच मापाने मोजणं काहीसं थांबलं. पण रविवारी सकाळी सभेला यायचं काम कायदा कुणाकडून करून घेऊ शकत नाही.

गावदेवीतून गिरगावाकडे निघालं की चित्र बदलतं. केशवजी नाईकांच्या चाळीसारख्या, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणाऱ्या वास्तू, वाड्या, पागडीच्या खोल्या. इथले रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण मालक ते नव्हेत. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नव्हता आणि भाडेकरूला ती करायचा अधिकार नव्हता. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झालं आणि रहिवाशांकडून उपकर घेतला जाऊ लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. त्यांपैकी १६,५०२ म्हणजे बहुतांश १९४० पूर्वीच्या.

या इमारतींसाठी सहकाराचा मार्ग १९८६ मध्ये खुला झाला. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढून मागणी केली तर सरकारने इमारत संपादित करावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी तरतूद म्हाडा कायद्यात आली. मालकांच्या संघटनेने ती न्यायालयात नेली. खटला तीन दशकांहून अधिक काळ चालला. तो शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी या पीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. देशभर हा निकाल घटनेच्या ३९ (ब) कलमाचा अर्थ म्हणून वाचला गेला. त्याची सुरुवात मात्र मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या भाडेकरूंना मालक होऊ द्यायचं की नाही, या प्रश्नातून झाली होती. गावदेवीतल्या नोकरदारांनी १९१५ मध्ये जे आपखुशीने केलं, ते शेजारच्या गिरगावात कायद्याने घडवून आणणं किती अवघड आहे, हे या लांबलेल्या खटल्याने दाखवलं.

जुन्या इमारतीत राहणं म्हणजे तिच्या वयासोबत राहणं. शंभरीच्या आसपासच्या इमारती बहुधा विटा, चुना आणि सागवानी तुळयांच्या असतात. या भिंतींत ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेरही पडते. घाईने त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, तुळयांची टोकं कुजतात आणि दुरुस्तीनेच इमारत दुबळी होते. १९३० नंतरच्या आरसीसी इमारतींचं दुखणं निराळं. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतल्या सळया गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. छतातून गंजलेली सळई डोकावू लागली तर रंगाचा हात मारून ती झाकणं धोक्याचं असतं.

म्हणून उपविधींत संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमानुसार तीस वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला द्यावाच लागतो. अहवालात मोठा खर्च निघाला की सिंकिंग फंडाचा खरा हिशोब समोर येतो. मेंटेनन्स कमी ठेवल्याबद्दल ज्या कमिटीचं वर्षानुवर्षं कौतुक झालेलं असतं, तिच्याच इमारतीत अशा वेळी प्रत्येक घराला काही लाख भरायची पाळी येते. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला ते झेपत नाही, दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि खर्च आणखी वाढतो.

वस्ती ऐतिहासिक असेल तर या हिशोबात आणखी एक बाब येते. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशात एखाद्या शहराने अशी नियमावली करण्याची ही पहिली वेळ होती. इमारतींना श्रेणी दिल्या गेल्या आणि काही संपूर्ण परिसर वारसा म्हणून नोंदले गेले. तिथे खिडकीची जाळी बदलायची किंवा मजला चढवायचा म्हटलं तरी वारसा समितीकडे जावं लागू शकतं. २०१२ मध्ये महापालिकेने या यादीत भर घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यात शिवाजी पार्क परिसर आला, तेव्हा तिथल्याच रहिवाशांनी विरोध केला. वारशाचा शिक्का बसला की पुनर्विकास अडेल, दुरुस्तीचा खर्च आपल्यावरच राहील आणि सरकार मदत करणार नाही, ही त्यांची भीती होती. ती निराधार म्हणता येत नाही. सगळ्या शहराला आवडणारा दर्शनी भाग टिकवण्याचा भार पन्नास कुटुंबांनी वाहायचा, हा न्याय नाही.

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या इमारतींची कहाणी मात्र वेगळी झाली. बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या आर्ट डेको वास्तूंमध्ये आजही कुटुंबं राहतात. गोलाकार बाल्कन्या, भौमितिक जाळ्या आणि वळणदार जिने ही त्यांच्या रोजच्या वापरातली गोष्ट आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू. या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळावा यासाठी परिसरातल्या नागरिक संघटना अनेक वर्षं झटत राहिल्या, वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी प्रस्तावाचा दस्तऐवज तयार केला आणि २०१८ मध्ये युनेस्कोने या ९४ इमारतींचा समूह यादीत घेतला. मागणी रहिवाशांमधून आली होती, म्हणून वारसा हा ओझ्याऐवजी अभिमानाचा विषय झाला. शिवाजी पार्कात नेमकी हीच गोष्ट झाली नव्हती.

जिथे असं संरक्षण नाही, तिथे दारात बिल्डर उभा असतो. जुन्या वस्तीतली तीन-चार मजली इमारत आणि तिच्या जमिनीवर आज मिळणारं चटईक्षेत्र यांत मोठी तफावत असते. त्या तफावतीची किंमत म्हणजे पुनर्विकास. सभासदांना वाढीव क्षेत्रफळाची नवी घरं, काम चालू असताना भाडं, वर कॉर्पस निधी, आणि बिल्डरला उरलेले फ्लॅट विकायला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशीच्या आजींना हा प्रस्ताव सुटकेसारखा वाटतो. वर्षानुवर्षं घराबाहेर पडू न शकलेली वडीलधारी माणसं मुंबईच्या जुन्या इमारतींत पुष्कळ आहेत. पुनर्विकासाला सरसकट नाकं मुरडणाऱ्यांनी त्यांचा विचार करायला हवा.

फसगतीच्या कहाण्याही तितक्याच खऱ्या. अर्धवट सोडलेले सांगाडे आणि भाड्याचे धनादेश थांबलेली कुटुंबं शहरभर आहेत. म्हणून सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली सरकारने २००९ मध्ये निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांचा होकार हवा, निविदा मागवायला हव्यात आणि सभेचं चित्रीकरण व्हायला हवं. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णयही आला. बिल्डर न आणता सोसायटीने स्वतः कर्ज काढून, वास्तुविशारद आणि ठेकेदार नेमून इमारत बांधायची, ही ती वाट. सहकाराचा हा सगळ्यात जुना मार्ग आहे. तालमकी आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे एकमेकांवरचा विश्वास तयार होता. आज तो वेगवेगळ्या जातींच्या, भाषांच्या, वयाच्या सभासदांना सभेत बसून घडवावा लागतो आणि तसा घडलेला विश्वास जातीच्या विश्वासापेक्षा अधिक मोलाचा आहे.

अनेक सोसायट्यांची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. जमीनच त्यांच्या नावावर नसते. बिल्डरने फ्लॅट विकले, संस्था नोंदवली आणि कन्व्हेयन्स करून न देताच तो निघून गेला. अशांसाठी ‘मोफा’तल्या २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय केली. बिल्डर आला नाही तरी सक्षम अधिकारी सुनावणी घेऊन जमीन संस्थेच्या नावे करण्याचा आदेश देतो. अर्जासाठी कागद जुळवावे लागतात, थोडा खर्च येतो, खेपा पडतात. पण हे केल्याशिवाय पुनर्विकासाच्या टेबलावर सोसायटीला बोलण्याचं बळ येत नाही.

घराचं पुढच्या पिढीकडे जाणंही असंच कागदात अडकतं. नामनिर्देशन केलं की घर त्या व्यक्तीचं झालं, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने हक्क सांभाळते आणि १३-ब प्रकरणानुसार वारसाहक्क सिद्ध होईपर्यंत तिला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. भावंडं परदेशी, आई-वडील गेलेले, घराला कुलूप आणि थकबाकी वाढत चाललेली, असे फ्लॅट जुन्या वस्त्यांत बरेच दिसतात. इमारतीच्या मोठ्या निर्णयात त्यांचं मत मिळत नाही आणि त्यांच्यावाचून बहुमतही जुळत नाही.

अशा वस्तीत घर घ्यायला निघालेल्याने फ्लॅटचा रंग आणि खिडकीतलं दृश्य पाहून झाल्यावर सेक्रेटरीकडे काही कागद मागावेत. कन्व्हेयन्स झालं आहे का, जमीन भाडेपट्ट्याची असेल तर मुदत किती उरली, शेवटची संरचनात्मक तपासणी कधी झाली, सिंकिंग फंडात किती रक्कम आहे, थकबाकीदार किती, इमारत वारसा यादीत आहे का आणि गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं कुठे आहेत. जे आधीपासून राहतात, त्यांना हेच कागद दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत मागता येतात. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत ताळेबंद मंजूर होतो, लेखापरीक्षक नेमला जातो, दुरुस्तीचा आणि मेंटेनन्सचा ठराव होतो. समितीची मुदत संपत आली असेल तर पन्नाशीच्या आतल्या दोन-चार जणांनी उमेदवारी अर्ज भरावा आणि जुन्या सेक्रेटरींनी किल्ल्या, फाईली आणि नळाच्या व्हॉल्व्हची जागा त्यांना एकेक करून समजावून द्यावी.